बी.एस्सी.नंतर कृषीत एम.एस्सी. : एक संवाद

कृषी विषयात एम.एस्सी. करण्याआधी पदवी कोणती असावी, याबाबत भारतातील सर्व संस्थांचा नियम सारखा नाही. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील चार कृषी विद्यापीठे बी.एस्सी. (ऑनर्स) कृषी ही चार वर्षांची, आठ सत्रांची पदवी देतात. पारंपरिक विद्यापीठांची वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा संख्याशास्त्रातील बी.एस्सी. मात्र अनेक दशके तीन वर्षांची राहिली. दोन्हींच्या नावात बी.एस्सी. असल्यामुळे पदव्युत्तर पातळीवर एकीकडून दुसरीकडे सहज जाता येईल, असे पुष्कळ विद्यार्थी आणि पालक धरून चालतात. बारावीनंतर कृषीचा प्रवेश थोडक्यात हुकलेली आणि म्हणून जवळच्या महाविद्यालयात विज्ञान शाखेला गेलेली मुले तर तीन वर्षे याच आशेवर काढतात. त्यांच्या दृष्टीने हा दोन वर्षांच्या खर्चाचा आणि पुढच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.

त्यावर दोन भूमिका नेहमी समोरासमोर येतात. येथे पहिली भूमिका तालुक्याच्या गावी वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेची आहे. शेतीला मूलभूत विज्ञान शिकलेली माणसे हवीत आणि त्यांच्यासाठी दार उघडे असावे, असे तिचे म्हणणे. दुसरी भूमिका कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेल्या एका मृदाशास्त्रज्ञाची. कृषी ही व्यावसायिक पदवी आहे, तिचा पाया चार वर्षांत घातला जातो आणि तो वगळून वरचा मजला बांधता येत नाही, यावर तो ठाम आहे.

प्राध्यापिका: सर, माझ्या वर्गातली बरीच मुलं शेतकऱ्यांच्या घरची आहेत. तीन वर्षं ती प्रकाशसंश्लेषण, आनुवंशिकी, बुरशींचं वर्गीकरण, परिसंस्था शिकतात. सुटीत घरी जाऊन कांद्याची लागण करतात. अशा मुलाला वनस्पती रोगशास्त्रात एम.एस्सी. करायची असेल तर त्याला अपात्र का ठरवायचं?

मृदाशास्त्रज्ञ: मॅडम, बुरशी ओळखता आली म्हणजे रोग ओळखता आला असं होत नाही. शेतकरी पिवळं पडलेलं रोप घेऊन येतो. तो पिवळेपणा बुरशीचा आहे, विषाणूचा आहे, पाणी साचल्याचा आहे की लोहाच्या कमतरतेचा, हे ठरवायला जमीन, पाणी, जात, लागवडीची तारीख आणि आधीचं पीक एवढं सगळं विचारावं लागतं. कोणते प्रश्न विचारायचे हेच आमची मुलं चार वर्षं शिकतात.

कृषी पदवीचा अभ्यासक्रम पाहिला तर या म्हणण्यातील वजन कळते. त्यात कृषिविद्या, मृदाशास्त्र, उद्यानविद्या, कीटकशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र, आनुवंशिकी व पीक पैदास, कृषी अर्थशास्त्र, विस्तार शिक्षण, पशुसंवर्धन आणि कृषी अभियांत्रिकी हे विषय सर्वांनाच घ्यावे लागतात. प्रत्येक विषयाचे श्रेयांक तासिका आणि प्रात्यक्षिक असे विभागलेले असतात. विद्यार्थी ज्याला ‘टू प्लस वन’ म्हणतात, त्यातील हा ‘वन’ बहुधा प्रक्षेत्रावर जातो. शेवटच्या वर्षी ग्रामीण कृषी कार्यानुभव, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले ‘रावे’, येते. त्या सत्रात विद्यार्थी गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करतात. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या पाचव्या अधिष्ठाता समितीने या पदवीला व्यावसायिक पदवीचे स्थान दिले, त्यामागे हीच रचना आहे. कोणत्याही एका विषयात ती मूलभूत विज्ञानाच्या पदवीइतकी खोल जात नाही. तिचे बळ विषयांची एकमेकांशी सांगड घालण्यात आहे.

प्राध्यापिकेचा आक्षेप नेमका खोलीबद्दल आहे. तिच्या मते सांगड घालणारी माणसे पुष्कळ झाली. अडचण अशा ठिकाणी येते जिथे एखादा विषय मुळापासून माहीत असलेला माणूसच लागतो.

प्राध्यापिका: तुमच्याच विषयाचं उदाहरण घेऊ. चुनखडीच्या जमिनीत भुईमूग पिवळा पडतो, ऊस पिवळा पडतो. हा सगळा रसायनशास्त्राचा खेळ आहे. सामू एका एककानं वाढला की फेरिक लोहाची विद्राव्यता हजार पटीनं घटते. फेरस सल्फेट जमिनीत टाकलं की त्याचं फेरिकमध्ये रूपांतर होतं आणि ते तिथंच अडकून पडतं. ईडीटीएचं चिलेट अशा जमिनीत का टिकत नाही आणि ईडीडीएचएचं का टिकतं, हे रसायनशास्त्राच्या मुलाला फळ्यावर मांडून दाखवता येईल. तुमच्याकडे ते कोष्टक म्हणून पाठ होतं.

मृदाशास्त्रज्ञ: बरोबर आहे. पण त्याच शेतात पिवळेपणा दरवर्षी एकाच कोपऱ्यात का येतो, हे त्याला सांगता येईल का? तिथं पाणी जास्त बसतं, वाफसा यायच्या आत दुसरी पाळी दिली जाते, जमिनीतली हवा कोंडते आणि बायकार्बोनेट वाढतं. चिलेटचा खर्च करण्याआधी पाण्याची पाळी लांबवायची असते. शेतकरी शेणखत किती टाकतो, चर काढलाय का, हे बघायचं असतं. रसायन बरोबर सांगणारा आणि सल्ला चुकीचा देणारा माणूस शेतकऱ्याला परवडत नाही.

दोघांचेही म्हणणे खरे आहे आणि इथेच वादाचे खरे स्वरूप दिसू लागते. कारणमीमांसा मूलभूत विज्ञानाकडून येते, निदान शेतावरच्या अनुभवातून. एम.एस्सी.च्या प्रत्येक शाखेत या दोहोंचे प्रमाण वेगळे असते. त्यामुळे ‘बी.एस्सी.नंतर कृषीत एम.एस्सी. करावी का’ या प्रश्नाला शाखा सांगितल्याशिवाय अर्थच येत नाही.

कीटकशास्त्रात हे प्रमाण बहुतेक समसमान असते. २०१७ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यातील कपाशीवर गुलाबी बोंडअळीचा मोठा प्रादुर्भाव झाला. या किडीची अळी बोंडात शिरून सरकी खाते, त्यामुळे बाहेरून फवारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. दोन जनुकांच्या बीटी वाणांविरुद्ध तिच्यात प्रतिकारशक्ती आली होती. ती कशी येते, निवडीचा दाब कसा काम करतो, आश्रय ओळी न लावल्याने काय घडते, हा प्राणिशास्त्राचा आणि आनुवंशिकीचा भाग झाला. हंगामाच्या शेवटी अळी सुप्तावस्थेत जाते, हेही प्राणिशास्त्राच्या पदवीधराला ठाऊक असते. कापूस वेचून झाल्यावर पाणी देऊन फरदड घेतली की या अळीला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत खाद्य मिळत राहते, हे मात्र कापसाचे पीक डोळ्यांखालून घातलेल्या माणसाला पटकन दिसते. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले किंवा दहा टक्के बोंडांत प्रादुर्भाव दिसला की आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे मानतात. हा आकडा कीटकाच्या जीवनचक्राबरोबर कापसाचा भाव आणि फवारणीचा खर्च यांवरही उभा असतो. प्राणिशास्त्राच्या पदवीधराने यातील अर्धा भाग पदवीतच मिळवलेला असतो. उरलेला अर्धा दोन वर्षांत मिळवता येतो, मात्र त्यासाठी त्याला पहिल्या दिवसापासून शेतात उभे राहावे लागते.

संख्याशास्त्राच्या बाबतीत प्राध्यापिकेची बाजू सर्वांत भक्कम आहे आणि मृदाशास्त्रज्ञही तिथे फारसा विरोध करत नाही. शेतीतील प्रयोगांची आजची पद्धत घालून देणारा रोनाल्ड फिशर केंब्रिजमध्ये गणित शिकलेला होता. १९१९ मध्ये तो इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील कृषी प्रयोग केंद्रावर आला. शेताच्या एका टोकाची जमीन दुसऱ्या टोकापेक्षा कसदार असते, मग खताचा परिणाम आणि जमिनीचा परिणाम वेगळा कसा काढायचा, या अडचणीतून यादृच्छिक वाटप आणि गटवार मांडणी या कल्पना पुढे आल्या. १९२५ आणि १९३५ मधील त्याच्या दोन ग्रंथांनी जगभरच्या कृषी संशोधनाला नवी शिस्त दिली. आज महाराष्ट्रातील कुठल्याही कृषी महाविद्यालयात ‘आरबीडी’ किंवा ‘स्प्लिट प्लॉट’ मांडणीचा प्रबंध लिहिणारा विद्यार्थी त्याच पद्धतीने चालतो.

मराठी वाचकाला याहून जवळचे उदाहरण पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले सुखात्मे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून गणित घेऊन पदवीधर झाले आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये त्यांनी संख्याशास्त्रात संशोधन केले. १९४० मध्ये ते दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत आले. कृषी पदवी त्यांच्याकडे नव्हती. विनायक गोविंद पानसे यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेला ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर ॲग्रिकल्चरल वर्कर्स’ हा ग्रंथ १९५४ मध्ये परिषदेने प्रसिद्ध केला. कृषी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी आपल्या प्रबंधांच्या संदर्भसूचीत ‘पानसे आणि सुखात्मे’ हे नाव लिहिले आहे.

प्राध्यापिका: सर, सुखात्म्यांना आजचे नियम लावले असते तर त्यांना तुमच्या कितीतरी विभागांत अर्जही भरता आला नसता.

मृदाशास्त्रज्ञ: सुखात्म्यांचं नाव निघालंच आहे तर पीक कापणी प्रयोगांचंही बोलू. शेतात किती मोठा तुकडा मोजून कापायचा यावर त्यांचा संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांशी मोठा मतभेद झाला. छोटा तुकडा घेतला की काम स्वस्त होतं, पण सुखात्म्यांनी दाखवून दिलं की लहान तुकड्यातून उत्पादन जास्त दिसतं. कारण दोरीच्या कडेवरची रोपं मोजणारा माणूस नकळत आत ओढतो. हे सूत्रातून उमगलेलं नाही, धान्य कापताना काय घडतं ते बघून उमगलंय. गणिती माणूस शेतावर गेला तेव्हा ते काम मोठं झालं. मी तेवढंच म्हणतोय.

आजही पीक विम्याची भरपाई ठरवताना मंडळातील पीक कापणी प्रयोगांचे आकडे निर्णायक ठरतात. तुकडा चुकीचा आखला गेला तर शेकडो शेतकऱ्यांच्या हक्काच्या रकमेवर परिणाम होतो. म्हणून कृषी संख्याशास्त्र ही गणित आणि संख्याशास्त्राच्या पदवीधरांसाठी अत्यंत महत्त्वाची आणि तुलनेने दुर्लक्षित वाट आहे. दिल्लीची भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्था या विषयाचे देशातील प्रमुख केंद्र आहे. तेथील पदव्युत्तर अभ्यासक्रमांना गणित-संख्याशास्त्राचे पदवीधर परंपरेने पात्र राहिले आहेत. तालुक्याच्या महाविद्यालयांत मात्र हे फार थोड्या विद्यार्थ्यांना कोणी सांगते.

रसायनशास्त्राच्या पदवीधरांसाठी अशीच एक वाट कीडनाशक अवशेष विश्लेषणाची आहे. २००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत मर्यादेपेक्षा जास्त अवशेष सापडले आणि निर्यातीला मोठा धक्का बसला. त्यानंतर पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा उभी राहिली आणि निर्यातीच्या प्रत्येक बागेचा नमुना तपासण्याची पद्धत बसली. द्रव वर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपटमापन जोडलेल्या यंत्रांवर अब्जांशाच्या पातळीवरील अवशेष मोजणे हे विश्लेषणात्मक रसायनशास्त्राचे काम आहे. तिथे रसायनशास्त्राच्या पदवीधराला कोणी उपरा म्हणत नाही.

मृदाशास्त्रज्ञ याच द्राक्षाचे पुढचे प्रकरण समोर ठेवतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अवशेषांमुळे द्राक्षांचे कंटेनर युरोपात पुन्हा अडवले गेले. बागायतदार हे रसायन खरड छाटणीनंतर वेलीची अवाजवी वाढ रोखण्यासाठी वापरत होते. द्राक्ष मात्र ऑक्टोबरच्या छाटणीनंतर धरते आणि पुढच्या वर्षी काढणीला येते. वेलीच्या खोडा-ओलांड्यात राहिलेले रसायन फळापर्यंत पोहोचेल, हा विचार तपासायच्या रसायनांची यादी करताना झालेला नव्हता. “यंत्र उत्तम होतं, चालवणारे हुशार होते,” असे तो म्हणतो, “पण कुठलं रसायन शोधायचं हे छाटणीच्या वेळापत्रकावरून ठरतं.” प्राध्यापिका हे मान्य करते. तिचा निष्कर्ष मात्र वेगळा आहे: रसायनशास्त्राच्या मुलाला द्राक्षाच्या दोन छाटण्या एका हंगामात शिकवता येतात. कृषीच्या मुलाला वस्तुमान वर्णपटमापनाचा पाया एका हंगामात देता येत नाही.

हा युक्तिवाद सहज खोडता येण्यासारखा नाही. पीक पैदासीचा इतिहासही त्याच्या बाजूने साक्ष देतो. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक बेंजामिन पिअरी पाल यांचे शिक्षण रंगून विद्यापीठात वनस्पतिशास्त्रात झाले होते. केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन ते गव्हाकडे वळले आणि तिन्ही तांबेऱ्यांना प्रतिकारक असलेला एन.पी. ८०९ हा वाण त्यांच्या कामातून आला. जानकी अम्माळ वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या आणि कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात त्यांनी उसाच्या गुणसूत्रांवर पायाभूत काम केले. नॉर्मन बोरलॉग यांची पहिली पदवी वनशास्त्रातील होती. वनस्पती रोगशास्त्राकडे ते पदव्युत्तर शिक्षणात वळले.

एम. एस. स्वामिनाथन यांचा मार्ग या तिघांपेक्षा वेगळा आहे आणि मृदाशास्त्रज्ञ तो आवर्जून सांगतो. स्वामिनाथन यांनी त्रिवेंद्रमला प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केली होती. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर त्यांनी शेतीकडे वळायचे ठरवले, तेव्हा ते थेट पदव्युत्तर वर्गात गेले नाहीत. कोइमतूरच्या कृषी महाविद्यालयात त्यांनी दुसरी पदवी घेतली आणि मगच १९४७ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत आनुवंशिकी व पैदास या विषयात पदव्युत्तर शिक्षण सुरू केले. प्राध्यापिकेच्या मते आज शेतकऱ्याच्या मुलाला सात वर्षांत दोन पदव्या घ्या असे सांगणे त्याच्या घरच्या परिस्थितीकडे पाठ फिरवण्यासारखे आहे. ते खरे असले तरी पहिल्या पदवीचे महत्त्व केवळ ज्ञानापुरते नाही. नोकऱ्यांच्या नियमांतही ते पक्के बसले आहे आणि बहुतेक विद्यार्थ्यांची फसगत तिथेच होते.

प्रवेशाचे नियम त्यामानाने लवकर सांगून होतात. महाराष्ट्रातील चार कृषी विद्यापीठांत एम.एस्सी. (कृषी)च्या बहुतेक शाखांना कृषी किंवा संलग्न विषयाची चार वर्षांची पदवी लागते. प्रवेशाची सामायिक व्यवस्था पुण्याच्या महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषदेकडे आहे. राष्ट्रीय पातळीवर भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत विषयगटांनुसार पात्रता ठरते. संख्याशास्त्र, संगणक उपयोजन, जैवरसायन, जैवतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र अशा शाखांत काही संस्थांनी मूलभूत विज्ञानाचे पदवीधर स्वीकारले आहेत. कृषिविद्या, उद्यानविद्या किंवा विस्तार शिक्षणात ते क्वचितच स्वीकारले जातात. इतर राज्यांतील काही खासगी विद्यापीठे मात्र कोणत्याही बी.एस्सी.ला कृषिविद्येतसुद्धा एम.एस्सी.ची जागा देतात. अशी जागा घेण्यापूर्वी त्या विद्यापीठाला आणि त्या अभ्यासक्रमाला कृषी संशोधन परिषदेची अधिस्वीकृती आहे का, हे पाहणे अत्यावश्यक आहे. ती नसेल तर परिषदेच्या व्यवस्थेतील पुढचे प्रवेश अडू शकतात आणि दोन वर्षांचे शुल्क तर आधीच भरलेले असते.

नवीन शैक्षणिक धोरणामुळे पारंपरिक बी.एस्सी.लाही चौथे वर्ष जोडले जात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यानेही प्रवेश परीक्षेद्वारे शाखा बदलण्यास मोकळीक दिली आहे. यामुळे कृषीचे दार आपोआप उघडेल अशी चर्चा महाविद्यालयांत ऐकू येते. ती घाईची आहे. कृषी विद्यापीठे राज्याच्या कायद्याने चालतात आणि त्यांच्या अभ्यासक्रमांचे निकष कृषी संशोधन परिषद आखते. वर्षांची संख्या जुळली तरी चार वर्षांत काय शिकले, हा प्रश्न उरतोच.

प्रवेश मिळालेल्या विज्ञान पदवीधराला सल्लागार समिती बहुधा उणीव भरून काढणारे पदवी स्तरावरील काही विषय घ्यायला लावते. विद्यार्थी त्यांना ‘डेफिशियन्सी कोर्स’ म्हणतात. सध्याच्या आराखड्यात पदव्युत्तर पदवीचे एकूण ७० श्रेयांक आहेत: मुख्य विषयाचे २०, दुय्यम विषयाचे ८, पूरक विषयांचे ६, सर्वांना समान अभ्यासक्रमांचे ५, चर्चासत्राचा १ आणि प्रबंधाचे ३०. उणिवेचे विषय या ७० च्या वर येतात. दोघांचेही या व्यवस्थेबद्दल समाधान नाही. प्राध्यापिकेला हे ओझे वाटते. मृदाशास्त्रज्ञाच्या मते चार वर्षांचे शेत दोन-तीन पुस्तकी विषयांत कोंबणे ही निव्वळ औपचारिकता आहे. एका पूर्ण हंगामाचे प्रक्षेत्रावरील काम सक्तीचे केले तर दोन्ही आक्षेपांचे बरेचसे निराकरण होईल, आणि हा बदल व्हायला हवा.

नोकरीच्या मुद्द्यावर मृदाशास्त्रज्ञ सर्वांत कठोरपणे बोलतो.

मृदाशास्त्रज्ञ: मॅडम, मुलांना एक गोष्ट स्पष्ट सांगा. लोकसेवा आयोगाची कृषी सेवा परीक्षा कृषीची किंवा तिच्याशी समकक्ष पदवी मागते. बँकांमधल्या कृषी क्षेत्र अधिकाऱ्याच्या पदाला कृषी किंवा संलग्न विषयाची चार वर्षांची पदवी लागते. तिथं पदव्युत्तर पदवी दाखवून पहिल्या पदवीची भरपाई होत नाही. मुलगा एम.एस्सी. कृषी होतो, गावात त्याचा सत्कार होतो आणि अर्ज भरताना कळतं की आपण अपात्र आहोत. असे विद्यार्थी मी पाहिलेत.

प्राध्यापिका: मग ज्या शाखेचा प्रवेश दिला, तिच्या नोकरीचे नियम विद्यापीठांनी प्रवेशाच्या वेळीच लेखी द्यायला नकोत का?

मृदाशास्त्रज्ञ: द्यायलाच हवेत. त्यावर माझा काहीही वाद नाही.

संशोधन आणि अध्यापनाचे चित्र वेगळे आहे. कृषी वैज्ञानिक निवड मंडळाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा त्या-त्या शाखेच्या पदव्युत्तर पदवीवर देता येते. अवशेष प्रयोगशाळा, बियाणे कंपन्यांचे रेणवीय पैदास विभाग, जैविक खते व जैविक कीडनियंत्रकांचे उत्पादन आणि माती-पाणी परीक्षण या ठिकाणी सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा रसायनशास्त्राचा पाया असलेला उमेदवार कृषी पदवीधराच्या बरोबरीने उभा राहतो, काही वेळा पुढेही असतो. ऊतीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत केळीची रोपे तयार करण्याचे काम वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला पदवीपासून ओळखीचे असते.

स्वतःचा व्यवसाय करू पाहणाऱ्यांसाठी काही नियम माहीत असणे उपयोगाचे आहे. ‘ॲग्रिक्लिनिक आणि ॲग्रिबिझनेस सेंटर’ ही केंद्र सरकारची योजना २००२ मध्ये सुरू झाली. हैदराबादची ‘मॅनेज’ ही संस्था तिचे प्रशिक्षण पाहते. कृषी व संलग्न विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेतलेले जीवविज्ञानाचे पदवीधर या योजनेला पात्र धरले आहेत. कर्जाशी जोडलेले अनुदान सर्वसाधारण गटाला ३६ टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ४४ टक्के आहे. विज्ञान पदवीवर घेतलेली कृषीची एम.एस्सी. जिथे थेट उपयोगी पडते अशी ही एक जागा. दुसरीकडे गावात कृषी सेवा केंद्र काढायचे असेल तर एम.एस्सी.ची गरजच नाही. कीडनाशक विक्रीच्या परवान्यासाठी रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, जैवरसायन किंवा जैवतंत्रज्ञानाची पदवी चालते आणि खतविक्रीसाठी रसायनशास्त्राची. दुकानाचे स्वप्न असलेल्या मुलाने त्यासाठी परराज्यात दोन वर्षे आणि लाखो रुपये घालवणे चुकीचे आहे.

एक तिसरा मार्गही आहे आणि प्राध्यापिका आपल्या विद्यार्थ्यांना बहुतेक वेळा तोच सुचवते: आपल्याच विषयात एम.एस्सी. करायची आणि प्रबंध शेतीच्या प्रश्नावर लिहायचा. सूक्ष्मजीवशास्त्राचा विद्यार्थी स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंवर काम करू शकतो, प्राणिशास्त्राचा परागीभवन करणाऱ्या कीटकांवर, वनस्पतिशास्त्राचा डाळिंबावरील बुरशींवर. पुढे डॉक्टरेटसाठी कृषी संशोधन संस्थांत सहमार्गदर्शक मिळवता येतो. परदेशात, विशेषतः नेदरलँड्समधील वॅगेनिंगन विद्यापीठासारख्या ठिकाणी, जीवशास्त्राच्या पदवीधरांना वनस्पतिविज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात घेतले जाते. मृदाशास्त्रज्ञाला हा मार्ग मान्य आहे. त्याचा ठाम विरोध उरतो तो कृषिविद्या आणि उद्यानविद्येपुरता. पिकाची फेरपालट, आंतरपीक, लागवडीचे अंतर आणि पाण्याच्या पाळ्या यांचा निर्णय घेणारा माणूस किमान काही हंगाम पीक पेरून काढलेला असावा, असे त्याचे म्हणणे आहे. शेतकऱ्यांच्या घरच्या मुलांनी ते केलेलेच असते, असे प्राध्यापिकेचे उत्तर. त्यावर दोघांचे एकमत झाले नाही.

प्रबंधाच्या वेळापत्रकाबाबत मात्र दोघे एकच सल्ला देतात. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात शेतावरच्या प्रयोगासाठी खरिपाचे जेमतेम दोन हंगाम मिळतात. प्रवेशाच्या फेऱ्या ऑगस्टच्या पुढे गेल्या की पहिला खरीप हातचा जातो. विज्ञान पदवीधराचे पहिले सत्र तर उणिवेच्या विषयांत जाते. दुसऱ्या खरिपावर सगळे सोपवले आणि पावसाने ओढ दिली तर प्रबंध वर्षभर लांबतो. म्हणून अशा विद्यार्थ्याने प्रयोगाचे पीक रब्बीतील निवडावे, हरभरा, गहू किंवा रब्बी ज्वारी, किंवा कुंडीतील आणि प्रयोगशाळेतील कामावर भर असलेला विषय घ्यावा. आराखडा मार्गदर्शकाकडून सप्टेंबरअखेर मंजूर करून घ्यावा, कारण कोरडवाहू रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरकावी लागते.